फोन काढून घेतला की मूल इतकं का चिडतं?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, स्वभावाने समजूतदार. गोष्टीचं पुस्तक वाचत असताना जेवायला हाक मारली, तर कुरकुरत का होईना, उठतो. खाली क्रिकेट खेळत असला तरी अंधार पडला की घरी येतो. हातातला मोबाइल काढून घेतला की मात्र हातपाय आपटतो. परवा तर मला चावला. एकाच मुलाची ही दोन रूपं कशी? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. पुस्तकातलं प्रकरण संपतं. क्रिकेटमध्ये डाव संपतो, नाहीतर अंधार पडतो. एकेकाळी दूरदर्शनवरची मुलांची मालिकाही अर्ध्या तासात संपायची आणि मागोमाग मोठ्यांचं काहीतरी लागायचं. उठण्याची जागा त्या त्या गोष्टीतच असायची. मोबाइलमधून ती जागा विचारपूर्वक काढून टाकलेली आहे.

पूर्वी इंटरनेटवरच्या पानाच्या तळाशी ‘पुढे’ असं एक बटण असायचं. ते दाबायचं की नाही, हे ठरवताना माणूस क्षणभर थांबायचा. २००६ साली एझा रस्किन या अमेरिकी डिझायनरने या बटणाची गरजच उरणार नाही अशी रचना केली. बोट सरकवत राहायचं, पुढचं आपोआप येत राहतं. पुढे रस्किनने स्वतःच या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणं हा त्याच जातीचा प्रकार. तुमचा मुलगा ‘हा संपला की ठेवतो’ म्हणतो तेव्हा बहुतेक खरंच बोलत असतो. पण तो संपतच नाही.

दुसरी गोष्ट थोडी जुनी आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पेटीतल्या कबुतरांवर कितीतरी प्रयोग केले. चकतीवर चोच मारली की दाणा मिळायचा. दर चोचीला दाणा मिळत असेल आणि मग तो बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला असा बेभरवशाने मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चकती टोचत राहतं. छोट्या व्हिडिओंचं गणित असंच चालतं. एक कंटाळवाणा, दुसरा पाहिलेला, तिसऱ्यात कुत्र्याचं पिल्लू जिन्यावरून घरंगळतं आणि मूल खदखदून हसतं. चौथा कसा असेल, हे अंगठा सरकवल्याशिवाय कळत नाही.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचं निरीक्षण केलं. फळांचा रस अनपेक्षितपणे मिळाला की या पेशी जोरात चेततात. ठरल्याप्रमाणे मिळाला तर फारशा हालत नाहीत. आणि मिळेल अशी खात्री असताना मिळाला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही मंदावतं. या प्रयोगावरून तुमच्या मुलाच्या सगळ्या रागाचा उलगडा होईल असं नाही, पण ऐन रंगात आलेली गोष्ट हातातून जाणं इतकं का झोंबतं, याची थोडी कल्पना येते. त्यातून, मनाला आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावं ही अपेक्षाच मोठी आहे.

आता घराकडे वळू, कारण माझ्या मते खरी गाठ इथे बसते. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. स्वयंपाकघरातून हाक येते, ‘ठेव आता तो.’ मुलगा ‘हो’ म्हणतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांनंतर पुन्हा हाक, ‘पाचच मिनिटं.’ तिसऱ्या वेळी आवाज चढतो. चौथ्या वेळी आई हात पुसत बाहेर येते आणि फोन ओढून घेते. रडारड सुरू होते. तेवढ्यात दारात पाहुणे येतात, किंवा ऑफिसमधून फोन येतो, आणि ‘घे बाबा, पण ओरडू नकोस’ म्हणून फोन परत हातात दिला जातो. सोमवारी रडून मिळाला, मंगळवारी नाही मिळाला, बुधवारी आजोबांनी गुपचूप दिला. म्हणजे रडण्यालाही दाणा बेभरवशाने मिळतो. ज्या युक्तीने व्हिडिओ मुलाला धरून ठेवतो, तीच आपल्या नकळत आपण घरात चालवत असतो. थकलेल्या घरात हे होतंच, त्यात तुमचा दोष काढायचा नाही. पण उपाय इथूनच सुरू होतो.

दिवसातून वीस वेळा ‘नाही’ म्हणण्यापेक्षा दोनच ठिकाणी म्हणा. जेवताना नाही आणि झोपताना नाही, एवढंच. पण ते ‘नाही’ घरातल्या सगळ्यांचं असायला हवं. आजोबांना यात आधी सामील करून घ्या, मुलासमोर त्यांना टोकू नका. नियम पक्का केला की सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढतं. इतके दिवस उपयोगी पडलेलं हत्यार चालेना, की मूल ते आणखी जोरात चालवून पाहतं. नेमक्या याच दिवसांत बहुतेक आईबाप ‘उपयोग होत नाही’ म्हणून सोडून देतात. तेव्हा सोडलं, तर जास्त जोरात रडलं की मिळतं, एवढंच मूल शिकतं. म्हणून परीक्षा, लग्नकार्य, प्रवास अशा धामधुमीच्या आठवड्यात नवा नियम सुरू करू नका.

संपण्याची जागा मोबाइलमध्ये नसेल, तर ती आपण तयार करायची. ‘अर्धा तास’ असं सांगू नका, एखादी संपणारी गोष्ट ठरवा. एक भाग, एक सामना, खेळाची एक फेरी. ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद करून जुनी नोंद पुसली, की पहिलं पान जवळपास रिकामं दिसतं. मग मुलाला जे पाहायचं ते नाव देऊन शोधावं लागतं. जमेल तेव्हा हातातल्या फोनपेक्षा बाहेरच्या खोलीतला टीव्ही बरा, कारण तिथे अंगठा सरकवता येत नाही आणि काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. शेवटची दोन मिनिटं त्याच्या शेजारी जाऊन बसा. ‘हा कोण? तो का पळतोय?’ एवढं विचारलं तरी मूल त्या पडद्यातून थोडं बाहेर येतं. मग फोन ओढून न घेता त्यालाच बंद करून तुमच्या हातात द्यायला सांगा.

फोन ठेवल्यावर पुढे काय, हेही पाहा. दर वेळी फोन संपला की गृहपाठ, अशी सांगड बसली असेल तर मूल फोन सोडेल कशाला? गृहपाठ आधी उरकू द्या, आणि फोननंतर खाली खेळायला जाणं, भाजी आणायला तुमच्यासोबत येणं किंवा आंघोळ असं काहीतरी हातापायांचं ठेवा. ‘पोळी संपवलीस तर मोबाइल’ हा सौदाही टाळा. त्याने पोळी ही शिक्षा होते आणि मोबाइल बक्षीस.

चावला त्याबद्दल : तो शांत झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, एकदाच आणि स्पष्ट सांगा की राग चालेल, चावणं चालणार नाही. त्या क्षणी भाषण देऊ नका. तेव्हा त्याच्या कानांपर्यंत काही पोचत नाही.

प्रश्न : नात दोन वर्षांची आहे. समोर मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. मुलगा-सून नोकरीला जातात, दिवसभर मी एकटीच. तिच्यामागे वाटी घेऊन फिरायला गुडघे साथ देत नाहीत. काय करू? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आधी गुडघ्यांचं. वाटी घेऊन मागे फिरणं आजपासून बंद करा. ते मुळातच गरजेचं नाही.

मोबाइलसमोर जेवणारं मूल तुम्ही जवळून पाहता. नजर पडद्यावर, घास ओठांशी आला की तोंड उघडतं, भात आहे की खिचडी याचा पत्ता नसतो. वाटी रिकामी होते म्हणून आपल्याला समाधान वाटतं, पण भूक लागणं, चव कळणं, पोट भरल्यावर मान फिरवणं हे शिकायच्या वयात ते शिकायचं राहून जातं. आणखी एक गोष्ट हुकते. या वयात मूल बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून. ते काहीतरी बोबडं बोलतं, आपण त्याला उत्तर देतो, ते पुन्हा बोलतं. चिऊ-काऊचे घास भरवताना हीच देवाणघेवाण चालायची. व्हिडिओ कितीही सुंदर असला, तरी तो मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला असा आहे : दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जवळपास हीच मर्यादा सांगितली. परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाशी नात व्हिडिओवर बोलत असेल, तर खुशाल बोलू द्या.

तुम्ही एकाच जेवणापासून सुरुवात करा, दुपारचं धरा. तिला जमिनीवर तुमच्यासमोर बसवा आणि तुम्हीही त्याच वेळी जेवा. तिच्या ताटलीत दोन-तीन चमचे मऊ भात आणि हातात पोळीचा तुकडा द्या. सांडेल, तर खाली जुनं फडकं अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांनी तिने खाल्लं असो वा नसो, ताटली उचला आणि पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत मध्ये बिस्किट देऊ नका. काही दिवस ती कमी खाईल. एरवी निरोगी असलेलं मूल भूक लागली की खातं, हा भरवसा ठेवा. वजन घटतंय, सतत सुस्त वाटतेय किंवा उलट्या होतायत असं दिसलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि मुलगा-सुनेला हे आधी सांगा. संध्याकाळी ते दमून आले की त्यांनाही फोन लावून भरवण्याचा मोह होतोच. तेव्हा ‘आज तिने पोटभर खाल्लं का’ हा प्रश्न तुम्हाला रोज विचारायचा नाही, हेही त्यांना सांगा.

प्रश्न : मोबाइलमुळे चष्मा लागतो, हे कितपत खरं? – एक वाचक, लातूर

उत्तर : डोळ्यांजवळ धरून तासन्‌तास पाहण्याचा वाटा आहे, पण उन्हात न जाण्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला. त्या शाळांमध्ये तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधूक दिसू लागलं; बाकीच्या शाळांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तैवानने तर त्याआधीच, २०१० पासून, शाळकरी मुलांनी रोज दोन तास उघड्यावर असावं असा कार्यक्रम सुरू केला होता. दिवसाच्या प्रखर उजेडामुळे डोळ्याचा गोल लांबट होत जाणं मंदावतं, असं संशोधकांना वाटतं. त्यामुळे शाळेतल्या खेळाच्या तासाला गणित घेतलं जात असेल, तर पालकसभेत उठून बोला. मुलांच्या डोळ्यांसाठी ते फार मोलाचं ठरेल.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका गावात रोज संध्याकाळी भोंगा वाजवून मोबाइल बंद करतात, असं ऐकलं. आमच्या सोसायटीत असं काही जमेल का? – सोसायटीच्या समितीतला एक सभासद, ठाणे

उत्तर : ते गाव म्हणजे कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. वस्ती तीन हजारांच्या आसपास. लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर आली आणि शाळा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातातून सुटेना. तेव्हा महिलांच्या ग्रामसभेत विषय निघाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने सुरुवात केली. संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक गल्लोगल्ली फिरून समजावत होते.

हे का जमलं असावं, ते नीट पाहण्यासारखं आहे. बंद करायला सांगणारी आई नाही, भोंगा आहे. त्यामुळे रोजची वादावादी टळते. शेजारचा मित्रही त्याच वेळी फोन ठेवतो, म्हणून ‘फक्त मलाच का’ हा प्रश्न उरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांची टीव्हीवरची चर्चा आणि आईची मालिकाही त्याच दीड तासात बंद असते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने वेगळा मार्ग धरला. ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी केली आणि मोडणाऱ्याला २०० रुपये दंड ठेवला. त्यांची काळजी खरीच होती. पण मला विचाराल तर मी वडगावच्या बाजूने उभी राहीन. जे मोठे स्वतः सोडत नाहीत ते मुलांनी सोडावं, असा नियम मुलं मनातून कधीच मान्य करत नाहीत.

सोसायटीत भोंगा वाजवू नका, तान्ह्या बाळांची आणि आजाऱ्यांची झोपमोड होईल. पण तयार असलेल्या चार-पाच घरांनी मिळून एक वेळ ठरवायला काय हरकत आहे? साडेसात ते साडेआठ त्या घरांतली मुलं खाली खेळतील, आणि खाली बसलेल्या आईबापांच्या हातातही फोन नसेल. ज्यांना कामासाठी फोन घ्यावाच लागतो, डॉक्टर म्हणा किंवा वीज मंडळातले म्हणा, त्यांनी वाजला तर उचलावा. सगळी सोसायटी तयार होईपर्यंत थांबलात, तर मुलं कॉलेजात जातील.

प्रश्न : शाळा गृहपाठच व्हॉट्सॲपवर पाठवते. मग फोन द्यावाच लागतो. – एक बाबा, पुणे

उत्तर : ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना आठवडाभरात फोन कशासाठी वापरला, असं विचारलं होतं. अभ्यासासाठी वापरला म्हणणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. शहर असो वा गाव, अभ्यासाच्या निमित्ताने आलेला फोन अभ्यासापाशी थांबत नाही. संदेश तुमच्या फोनवर येऊ द्या आणि गृहपाठ मुलाकडून वहीत उतरवून घ्या. त्याला दहा मिनिटं पुरतात. मग फोन पुन्हा तुमच्याकडे. शाळेलाही सांगून पाहा की गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहावा. चार पालकांनी मिळून लिहिलेल्या पत्राची शाळा सहसा दखल घेते.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतो. आता मित्रही येत नाहीत. याला व्यसन म्हणायचं का? फोन फोडून टाकावा असं वाटतं. – एक वडील, नागपूर

उत्तर : फोडू नका. तुमची तळमळ कळते, पण त्याने मुलगा तुमच्यापासून आणखी लांब जाईल, आणि आत्ता तो तुमच्याशी बोलता राहणं सगळ्यात गरजेचं आहे.

‘मोबाइलचं व्यसन’ या नावाचा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. पण गेम खेळण्याच्या विकाराची नोंद त्या यादीत आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. हे साधारण वर्षभर टिकलं आणि त्याने शाळा, घर, मैत्री विस्कटली, तरच तज्ज्ञ त्याला विकार म्हणतात. नुसते जास्त तास म्हणजे विकार नव्हे. किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्याशी पडद्याचा संबंध किती, यावर संशोधकांमध्ये आजही जोरदार मतभेद आहेत. २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासणाऱ्या एका अभ्यासाला हा संबंध फारच छोटा दिसला होता. पण असे अभ्यास सरासरी सांगतात. तुमचा मुलगा सरासरी नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी, गेलेली झोप आणि तुटलेले मित्र, मला खेळाच्या तासांपेक्षा जास्त काळजीच्या वाटतात.

म्हणून आधी हे शोधा की मित्र गेम सुरू झाल्यावर गेले, की आधीच गेले होते. वर्गात कोणी छळतंय का, घटक चाचणीत मोठा फटका बसला का, कुणी दुखावलंय का. पुष्कळ मुलं गेमकडे ओढली जातात, त्याआधी कशापासून तरी पळत असतात. गेममध्ये किंवा ऑनलाइन कुठे पैसे अडकले आहेत का, हेही न रागावता विचारा. भीतीपोटी मुलं हे लपवतात. झोपेचा नियम मात्र आजच करा : रात्री साडेदहानंतर घरातले सगळे फोन, तुमचाही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला.

महिनाभरात फरक पडला नाही, शाळा बुडू लागली, तर मदत घ्या. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे. तुमच्या जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागातही दाखवता येईल. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचं काहीही तो बोलला, तर महिना थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. एरवी तो यायला तयार नसेल, तर पहिल्या भेटीला तुम्ही दोघं नवरा-बायकोच जा. बरेच समुपदेशक आधी आईवडिलांशीच बोलतात, आणि मुलाला कसं आणायचं तेही तिथे ठरवता येतं.